शेपटाकडचं ओझं

ताईसिया साव्वात्येव्ना किचिना हिच्याइतक्या शिव्या ऊस्त-शीला गावात दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील, आणि त्या सगळ्या शिव्यांचं मूळ होतं एक वजनकाटा. गावाबाहेरच्या कुरणावर विमान उतरायचं. कुरणाच्या कडेला लाकडी खोपट, छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी, आत शेगडी आणि रेडिओ, आणि दाराशी तो काटा. तिकिटं फाडायची, हवा कशी आहे ते जिल्ह्याच्या गावी कळवायचं, धावपट्टीवर चरणाऱ्या गायी हाकायच्या आणि माणसासकट सगळं सामान तोलायचं, ही सारी कामं एकट्या ताईसियाची. सरकारदरबारी तिचा हुद्दा मोठा भारदस्त होता, धावपट्टीची प्रमुख. गाव मात्र तिला नुसतं ‘काटेवाली ताया’ म्हणे.

त्याआधी ती सामुदायिक मच्छीमारीच्या गोदामात मासे तोलायची. तिथंही तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं, म्हणूनच बहुधा अध्यक्ष अर्तेमी पोर्फिर्येविचनं तिला उचलून कुरणावर नेऊन बसवली. गोदामातली ब्याद गेली, आणि वर सरकारी जागेवर आपलं माणूस लागलं. नवरा ओंडके वाहण्याच्या कामावर म्हणून नदीनं खाली गेला तो परतलाच नाही. दुसरीकडे संसार थाटलाय असं लोक सांगायचे. ताईसियानं त्याची चौकशी केली नाही. तिचा आवाज फाटका होता, हात मोठे होते, आणि लबाडी तिला जमतच नव्हती. अशा माणसाला गावात मान असतो, पण जेवायला कुणी बोलावत नाही.

“माणसाला बटाट्यासारखं तोलतेस होय गं?” टपालातली ग्लिकेरिया दर वेळी काट्यावर चढताना कुरकुरायची.

“बटाटा बोलत नाही, तेवढा फरक,” ताईसिया म्हणायची. “कोट काढू नकोस. कोटासकटच उडणारेस ना?”

विमान म्हणजे आमची अन्नुष्का. दोन मजली पंखांची, एका इंजिनाची, आवाजानं सगळं गाव हलवणारी. शीला नदीला रस्ता नाही. उन्हाळ्यात पाणी असलं तर होडी, थंडीत बर्फावरून घसरगाडी, आणि मधल्या चिखलाच्या दिवसांत फक्त अन्नुष्का. गावातली निम्मी पोरं शहरात शिकायला नाहीतर नोकरीला गेलेली. त्यांच्या आया इथं. आईचं मन काही रिकाम्या हातानं निरोप देत नाही. त्यामुळे एक माणूस शहराला निघालं की घराघरातून गाठोडी निघायची. कुणाचे लोकरी मोजे, कुणाची दलदलीतली पिवळी बोरं, कुणाची खारवलेली अळंबी. आणि शरद ऋतूत, नदीतून वर चढणारा लाल मासा.

लाल माशाची गोष्ट नाजूक होती. तो सरकारचा. सामुदायिक जाळ्यात पकडायचा आणि गोदामात जमा करायचा. घरच्यासाठी एक जरी धरला तरी चोरी, आणि मासेवाल्या निरीक्षकाच्या हाती लागलात तर थेट कोर्ट. पण ज्या नदीवर आजोबा-पणजोबांनी जाळं टाकलं, तिच्यातला मासा आपला नाही हे आमच्या लोकांना कधी पटलंच नाही. प्रत्येक घराच्या तळघरात एखादं पिंप असायचंच. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, इतकंच.

आता असलं गाठोडं काट्यावर कोण ठेवणार? ते यायचं कुंपणाच्या बाजूनं. उतारू तोलून होत, विमानात चढून बसत. ताईसिया रेडिओवर वारा आणि ढग कळवायला खोपटात जाई. नेमक्या तेवढ्या वेळात बायका गवतातून पळत विमानाच्या दाराशी पोचायच्या. “बाळा, हे आमच्या लूसाला दे, ती घ्यायला येईल.” “हे जरा आत सरकव रे.” हातोहात सगळं आत. अन्नुष्काचं दार मागं असतं, शेपटाजवळ. आत गेलेलं तिथंच दाराशी रचलं जायचं. पुढं न्यायला ना जागा, ना वेळ.

ताईसियाला हे माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. ती खोपटातून ओरडत धावायची, एखाद्दुसरीचं पिंप परत पाठवायची, शिव्या खायची. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एकदा तिनं वेन्यालाच धरला.

वेन्यामिन लोचेखिन हा आमच्याच गावचा. फ्योक्ला मावशीचा एकुलता एक. बाप युद्धात गेला, आईनं गायींच्या धारा काढून पोराला वाढवलं, आणि पोरगा वैमानिक झाला. जिल्ह्याच्या गावी त्याचं घर होतं, बायको नोन्ना होती, लहान मुलगी होती. आठवड्यातून दोनतीनदा तो अन्नुष्का घेऊन यायचा तेव्हा कुरणावर जत्रा भरायची. हसरा, उंच, जरा वाकून चालणारा.

“वेन्या, तू नाही म्हण,” ताईसिया म्हणाली. “माझं कुणी ऐकत नाही. विमान तुझ्या ताब्यात आहे. दार लावून घे.”

“ताया, अन्नुष्का गाय आहे गं. ओढते बिचारी.”

“गाय बसली तर उठवता येते.”

तो हसला, मग त्यानं टोपी मागं सारली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, “सगळ्यात मोठं गाठोडं माझ्या आईचं असतं. नोन्नासाठी. तिला नाही म्हणवत नाही मला. आणि आईचं घेतलं, मग ग्लिकेरियाला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

ताईसिया धावपट्टीवरच्या गायी हाकायला वळली. तिला आई नव्हती. असती तर कदाचित तिनंही घेतलं असतं.

त्या वर्षी लाल मासा उदंड आला. सकाळी गवतावर पांढरं दहिवर, आभाळ स्वच्छ, वारा जवळजवळ नाहीच. वारा नसला की विमानाला उठायला जास्त धावावं लागतं, हे ताईसियाला माहीत होतं, वेन्याला तर होतंच. जागा सगळ्या भरलेल्या. काट्यावर जे आलं ते तिनं तोललं, बेरीज मर्यादेत बसत होती, जेमतेम. शाळेतली तरुण बाई रिम्मा दातांच्या डॉक्टरकडे निघाली होती आणि गालाला रुमाल बांधून बसली होती. ताईसिया आत गेली, रेडिओ सुरू केला. पलीकडून आवाज नीट येत नव्हता, तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. बाहेर आली तोवर दार बंद झालं होतं, आणि बायका रिकाम्या हातांनी कुंपणाकडं परतत होत्या. सगळ्यांत मागं फ्योक्ला मावशी, शालीखाली हात धरून, पोराला बघून तृप्त झालेली.

अन्नुष्का धावली. शेपूट जड असल्यासारखी धावली, असं ताईसियाला वाटलं, पण तिला पुष्कळदा तसं वाटायचं. कुरण संपता संपता चाकं सुटली. आणि मग नाक वर गेलं. चढतं तसं नाही, जास्त. ते खाली यायला हवं होतं आणि येत नव्हतं. काही क्षण विमान तसंच, नाक आभाळात खुपसून, जागच्या जागी टांगल्यासारखं दिसलं. मग डावा पंख झुकला आणि ते देवदारांच्या मागं गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. इंजिन थांबल्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

गाव धावलं. आग लागली नव्हती, एवढी देवाची कृपा. आधी माणसं काढली. त्यात कुणी कसूर केली नाही, हे सांगितलंच पाहिजे. अर्तेमी पोर्फिर्येविचनं उघड्या हातांनी पत्रा वाकवला, त्याच्या तळव्यांवरचे वण शेवटपर्यंत गेले नाहीत. बहुतेक उतारू जखमी पण जिवंत निघाले. रिम्मा गेली, तिच्या शेजारचा म्हातारा गेला, नदीपलीकडची एक बाई गेली. दुसरा वैमानिक बेशुद्ध होता. पुढं तो जगला, पण त्या सकाळचं त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. वेन्या आपल्या जागेवरच होता. विमान हाकायचा दांडा दोन्ही हातांनी पुढं रेटलेला, पार टोकापर्यंत. ताईसियानंच त्याची बोटं सोडवली.

आणि मग, जखमींना घेऊन घोडागाड्या गेल्यावर, ताईसियानं वळून बघितलं. जखमींच्या मागं दवाखान्यात न गेलेली माणसं मोडक्या शेपटातून गाठोडी काढत होती. प्रत्येकजण आपलं ओळखून उचलत होता, झाडांतून आडवाटेनं घरी जात होता. ग्लिकेरिया रडत रडत पिंप ओढत होती.

“हे काय चाललंय?” ताईसियानं विचारलं.

“उद्या चौकशीवाले येतील,” ग्लिकेरिया म्हणाली. “आत लाल मासा दिसला तर निम्मं गाव आत जाईल. जी गेली ती परत येणारेत का?”

चौकशी समिती हेलिकॉप्टरनं आली. तिचा मुख्य जाव्यालोव म्हणून, पिकल्या केसांचा, दमलेला माणूस. तो स्वतः कधी काळी वैमानिक होता आणि त्याला आपलं काम येत होतं. त्यानं मोडकं विमान उलटंपालटं बघितलं. इंजिन ठीक होतं, तारा ठीक होत्या, पेट्रोलमध्ये पाणी नव्हतं, पंखांवर बर्फ नव्हतं. मग त्यानं खोपटात एकेकाला बोलावलं. शेपटाकडं काही जास्तीचं होतं का, एवढंच त्याला हवं होतं. जिवंत राहिलेले म्हणाले, आम्ही खिडकीबाहेर बघत होतो. बायका म्हणाल्या, आम्ही कुंपणापाशी होतो. आदल्या दिवशी अध्यक्षानं घरोघरी जाऊन काय सांगितलं होतं ते निराळं सांगायला नको.

शेवटी ताईसिया. अध्यक्ष कोपऱ्यात बसला होता, हातांना पट्ट्या बांधून.

“काट्यावर आलं तेवढं मर्यादेत होतं,” ती म्हणाली.

“आणि काट्यावर आलं नाही ते?”

ताईसियानं खिडकीबाहेर बघितलं. कुंपणापाशी फ्योक्ला मावशी उभी होती. पोराचं प्रेत घरात असताना ती इथं येऊन उभी होती, लोक काय सांगतात ते कळावं म्हणून. तिचं पिंप सगळ्यात मोठं होतं. ते शेवटी चढलं होतं, म्हणजे अगदी शेपटात. हे एकदा बोललं की गोष्ट मासेवाल्या निरीक्षकापाशी थांबणार नव्हती. ती त्या म्हातारीपर्यंत जाणार होती.

“मी रेडिओवर होते,” ताईसिया म्हणाली. “मी बघितलं नाही.”

जाव्यालोवनं पेन खाली ठेवलं. “हे बघा बाई,” तो म्हणाला, “विमान आपण होऊन नाक वर करत नाही. एक तर शेपटाकडचं ओझं करतं, नाहीतर माणूस. ओझं सापडत नसेल तर माणूस उरतो. आणि मेलेला माणूस भांडायला येत नाही.”

निष्कर्ष दोन दिवसांतच आला, तो तसाच. वैमानिकानं उठताना नाक नको तितकं वर घेतलं, वेग गेला, विमान पडलं. दोष वैमानिकाचा.

त्यानंतर जे झालं ते सावकाश झालं. वेन्याला गावात पुरलं तेव्हा त्याच्या तुकडीतून कुणी आलं नाही. दोषी वैमानिकाच्या थडग्याला मानवंदना नसते, आणि विमानाच्या मोडक्या पंख्याचं जे पातं वैमानिकांच्या थडग्यावर रोवतात तेही नसतं. नोन्नाला सरकारी घर सोडायला सांगितलं. रिम्माच्या आईनं फ्योक्ला मावशीच्या दारासमोरून जाणं टाकलं. दुकानात म्हातारी रांगेत उभी राहिली की पुढची बाई जरा सरकून उभी राहायची. ज्यांनी स्वतःच्या हातानं गाठोडी आत दिली होती, त्यांच्याच तोंडून ताईसियानं ऐकलं, ‘पोरगा जरा उतावळाच होता हो.’ मला याचाच राग येतो. माणूस भितो हे समजू शकतं. पण स्वतःच्या थापेवर स्वतःच विश्वास ठेवायला लागतो, ते कशासाठी?

बर्फ पडलं. एका दुपारी फ्योक्ला मावशी खोपटात आली, शेगडीपाशी बसली, हातमोजे काढले नाहीत.

“ताया, तू होतीस तिथं. तूच सांग. माझ्या वेन्यानं माणसं मारली का?”

“नाही, मावशी.”

“मग?”

ताईसियानं शेगडीत लाकूड घातलं. लाकूड घालून झालं, मग दार लावलं, मग राख पुसली. म्हातारी वाट बघत होती. राख पुसून झाल्यावर ताईसियानं झाडू उचलला. म्हातारी उठली आणि गेली.

वेन्याचा चाळिसावा दिवस आला. त्या दिवशी मेलेल्याचा जीव घर कायमचं सोडतो असं आमच्यात मानतात, आणि त्याच्या नावानं जेवण घालतात. यायला हवे होते त्यातले निम्मे लोक आले. ग्लिकेरिया मनानं वाईट नव्हती, ती लवकर येऊन स्वयंपाकाला लागली, आणि भरल्या डोळ्यांनी तिनं फ्योक्ला मावशीला एका बाजूला घेतलं.

“मावशी, तुझं पिंप माझ्याकडं आहे हं. समितीच्या हाती लागू नये म्हणून मीच ओढून आणलं. फुटलं नाही, काही नाही. आजच्या पावात घालायला थोडा मासा काढू का त्यातला?”

ताईसिया कणीक मळत होती. तिनं मान वर केली तेव्हा म्हातारीचा चेहरा बघवत नव्हता. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “कुठं होतं ते? विमानात कुठं होतं?”

“दाराशीच,” ग्लिकेरिया म्हणाली, आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते.

दुसऱ्या दिवशी म्हातारी घसरगाडीवर पिंप बांधून, स्वतः दोरी ओढत, भर गावातून खोपटापर्यंत आली. सगळ्यांनी खिडक्यांतून बघितलं. मासेवाल्या निरीक्षकाचीही तिला फिकीर उरली नव्हती.

“तोल,” ती म्हणाली.

“मावशी, हे तोलून काय होणार आता?”

“तोल म्हणते ना.”

दोघींनी मिळून पिंप काट्यावर चढवलं. काटा सरकला, हलला, थांबला. म्हातारीला आकडे कळत होते, गोदामात तिनंही काम केलं होतं. तिनं आकडा स्वतः वाचला.

“बाकीच्यांचीही असलीच होती?”

“काही लहान, काही अशीच.”

“सगळी दाराशी?”

“सगळी.”

“मग वेन्यानं नाही पाडलं.”

“त्यानं दांडा पुढं रेटून धरला होता, मावशी. पार टोकापर्यंत. नाक खाली आणायला. मीच त्याची बोटं सोडवली.”

म्हातारी डोळे मिटून काट्याच्या लाकडी चौकटीला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, “हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझ्यासाठी,” ताईसिया म्हणाली. “तुला कळलं तर तू कशी जगणार, म्हणून.”

“मी कशी जगायची ते मी बघेन,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तू माझं काळीज जपलंस, आणि माझ्या पोरावर माणसं मारल्याचा डाग राहू दिलास. त्याच्या पोरीनं मोठं होऊन काय ऐकायचं? आईला असं जपतात होय? माझं नाव घे, ताया. पिंप माझं होतं म्हण. त्याचं नाव सोडव.”

दोघी पुढच्या विमानानं जिल्ह्याच्या गावी गेल्या. म्हातारी जन्मात पहिल्यांदाच विमानात बसली होती. सबंध वाटेत तिनं खिडकीकडं बघितलं नाही. पुढच्या उघड्या दारातून वैमानिकाची पाठ दिसत होती, तिकडंच बघत राहिली.

जाव्यालोवनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, दुःख मात्र झालेलं दिसलं. तो म्हणाला, “मी फाईल पुन्हा उघडतो. पण एक समजून घ्या. दोष एका जागेवरून उचलला की तो दुसऱ्या जागेवर ठेवावा लागतो. रिकामा राहत नाही. कुणाची गाठोडी होती? नावं सांगा.”

“पिंप माझं,” फ्योक्ला मावशी म्हणाली.

“आणि बाकीची?”

ताईसियाला सगळी नावं पाठ होती. ग्लिकेरिया. अध्यक्षाची बायको. रिम्माची आई, तिनंही बहिणीसाठी एक मोठी पिशवी दिली होती. पोटच्या पोरीच्या मागं ठेवलेली ती पिशवी रिम्माच्या आईला कुणी दाखवायची? आता ताईसियाला पुन्हा गप्प बसायचं होतं, पण या वेळी किंमत दुसऱ्याला द्यावी लागणार नव्हती.

“धावपट्टी माझ्या ताब्यात होती,” ती म्हणाली. “काट्यावर न आलेलं आत गेलं, ते मी जाऊ दिलं. असं लिहा.”

“बाई, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?”

“मी पूर्वी मासे तोलायचे,” ताईसिया म्हणाली. “कशाचं किती वजन ते कळतं.”

नवा निष्कर्ष वसंतात आला. कारण, मागच्या बाजूला जादा ओझं. वैमानिक निर्दोष. दोष, धावपट्टीच्या प्रमुखाचा. म्हातारीला वयाकडं बघून ताकीद देऊन सोडलं. ताईसियाला शिक्षा झाली, ती तुरुंगाबाहेर राहून भोगायची ठरली, नोकरी अर्थातच गेली. ती शाळेच्या शेगड्या पेटवायच्या कामाला लागली. नोन्नाला घर परत मिळालं.

गाव वाचलं. वाचलेलं गाव ताईसियाशी कसं वागलं म्हणाल, तर आधीपेक्षा वाईट. पूर्वी शिव्या तरी द्यायचे, आता बोलेनात. जो आपलं ओझं उचलतो त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणं जड जातं, आणि आमच्या लोकांनी सोपी वाट धरली. रिम्माच्या आईनं भर दुकानात तिच्या पायापाशी थुंकून म्हटलं, “माझी पोर तू खाल्लीस.” ताईसियानं पाव घेतला आणि घरी गेली. त्या पिशवीबद्दल ती कधीच बोलली नाही. मला ते कळलं ते दुसरीकडून.

उन्हाळ्यात वेन्याची तुकडी आली. सगळ्यांचे कोट इस्त्रीचे, आणि चौघांच्या खांद्यांवर पंख्याचं एक पातं. थडग्याच्या डोक्याशी ते रोवलं, टोप्या काढल्या, त्यांचा प्रमुख दोन शब्द बोलला. सगळं गाव जमलं होतं. ताईसिया दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी राहिली, तिला आत बोलावलं नव्हतं. फ्योक्ला मावशी पात्याला हात लावून रडली, मनसोक्त, पहिल्यांदाच. मग सगळ्यांना जेवायला वाढलं. पाहुण्यांनी आग्रह मोडला नाही.

आणि मग ते निघाले. अन्नुष्का कुरणावर उभी होती, इंजिन अजून थंड होतं. खोपटात नवा माणूस आला होता, बाहेरगावचा, भिडस्त. त्यानं उतारू तोलले आणि तो रेडिओवर बोलायला आत गेला. शाळेच्या आवारातून ताईसियाला सगळं कुरण दिसत होतं. तिनं बघितलं, कुंपणाच्या बाजूनं बायका निघाल्या. हातांत गाठोडी. पहिली ग्लिकेरिया, मागं आणखी चारपाचजणी, डोळे अजून थडग्यावरच्या रडण्यानं लाल. पोरं शहरात होती, मासे तळघरात होते, आणि विमान समोर होतं. यापलीकडं त्यांच्या मनात काही नव्हतं, हीच तर त्यातली भयंकर गोष्ट.

ताईसिया धावली. आता तिला अधिकार नव्हता, तरी ती कुंपण ओलांडून धावली, आणि पोचायच्या आधीच थबकली.

फ्योक्ला मावशी विमानाच्या शिडीवर बसली होती. काळा रुमाल, काळा झगा, गुडघ्यांवर हात. दार तिच्या पाठीशी उघडं होतं.

“मावशी, जरा सरक ना,” ग्लिकेरिया म्हणाली. “एवढंसंच आहे. बोरं आहेत.”

“काट्यावर ने,” म्हातारी म्हणाली.

“अगं काट्यावर काय, बोरं आहेत म्हणते ना.”

“मग माझ्या अंगावरून घाल आत.”

आतून वैमानिक बघत होते. ग्लिकेरियाच्या मागच्या बायका तिला हळूहळू पुढं रेटत होत्या. म्हातारी शिडीच्या दोन्ही बाजू घट्ट धरून बसली.

मग तिला ताईसिया दिसली.

“ताया,” ती म्हणाली, “ये. इथं बस माझ्याजवळ. मी म्हातारी आहे, मला उचलून बाजूला ठेवतील.”

शिडी अरुंद होती. दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या, मागचं दार बंद होईपर्यंत.